थेंब आणि पाहुण्यांचा एसी

थेंब फुटला आणि त्याचा फवारा थेट मॅडमच्या चष्म्यावर बसला.

"हेही स्पेसिफिकेशनमध्ये आहे का?" चष्मा पुसत त्यांनी विचारलं.

वसई पूर्वेला माझा गाळा आहे. आम्ही अल्ट्रासॉनिक क्लीनर बनवतो. म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने दागिने, चष्मे धुणाऱ्या टाक्या. मॅडम औषधांवर संशोधन करतात. त्यांना औषधाचा थेंब हवेत अधांतरी हवा होता. काचेला टेकला की स्फटिक तिथूनच धरायला लागतात आणि प्रयोग बिघडतो. "आवाजावर थेंब उभा करून दाखवतो," असं मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो. आज तो उभा राहिला नाही, तर मॅडम परदेशी मशीन मागवणार होत्या.

रचना सोपी. खाली आवाज सोडणारा ट्रान्सड्यूसर, वर धातूची थाळी. आवाज थाळीवर आपटून परततो. जाणारी आणि येणारी लाट जुळली की मधे काही शांत जागा तयार होतात. थेंब तिथे बसतो. फक्त थाळीचं अंतर अचूक हवं.

आदल्या दिवशी थेंब इतका छान टिकला, की माझा अर्नाळ्याचा पार्टनर परशुराम म्हणाला, "शेट, पानी हवेत उभं केलंस. आता माजी होडी उचल!"

आज मात्र पहिला थेंब पडला. दुसराही पडला.

"पॉवर वाढव," मी म्हणालो. टाकीत मळ निघाला नाही की आमचा हाच इलाज. तिसरा थेंब पापडासारखा चपटा झाला आणि फुटला. तोच तो, चष्म्यावरचा.

"धुऊन देऊ का, मॅडम?" परशुराम म्हणाला. "मशीन हाय आमच्याकडं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बॅगेची चेन लावली.

मी कपाळ पुसायला रुमाल काढला. कपाळ कोरडं! एवढी फजिती आणि घाम नाही? बाजूला बघितलं. चाकांवरचा एसी गुरगुरत होता. मॅडमना उकडू नये म्हणून मीच सकाळी एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या मेहुण्याकडून मागून आणला होता. गार हवेत आवाज हळू चालतो, लाट आखूड होते. आणि मी थाळी लावली होती ती काल, गाळ्याच्या रोजच्या भट्टीसारख्या उकाड्यात.

"परश्या, एसी बंद कर!"

"आन मॅडम?"

"मॅडम, जरा सोसा."

पॉवर उतरवली. हवा अजून गारच होती, म्हणून स्क्रू फिरवून थाळी किंचित खाली घेतली. मॅडमनी स्वतः सिरिंज धरली. थेंब सुटला, थरथरला आणि थांबला. ना दोरा, ना काच. ग्रीसच्या वासाच्या आमच्या गाळ्यात तो मोत्यासारखा लटकत होता. हवा तापेल तशी मी थाळी केसभर वर घेत राहिलो. थेंब हळूहळू आक्रसला. मग त्याच्या पोटात पांढरा ठिपका उमटला. पहिला स्फटिक, कशालाही न टेकता धरलेला.

मॅडमच्या कपाळावर घाम होता. पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"हे शिकलात कुठे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"चष्मे धुता धुता," मी म्हणालो. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटायचं बाकी.

मशीन पास झालं. एसी मेहुण्याकडे परत गेला. आता प्रत्येक मशीनबरोबर थर्मामीटर देतो. पाहुणचार अजूनही करतो, पण कोकम सरबताचा, आणि तोही टेस्टिंग झाल्यावर.