मंदाताईंनी न पाहिलेलं रान

सुरतेतल्या एका सरकारी कचेरीत मंदा फिरके अठरा वर्षं जंगलाचे नकाशे काढत होत्या आणि जंगल त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. दोष त्यांचा थोडा, कचेरीचा फार. पाहणीची जीप निघाली की साहेब आणि तिघे पुरुष चढायचे. बाईमाणसाला कुठं रानात न्यायचं, म्हणून ताई मागं. जीप विश्रामगृहापर्यंत जायची, तिथं कोंबडी शिजायची, आणि ‘प्रत्यक्ष पाहिले’ अशा सह्या ठोकून मंडळी परत.

उपग्रहाचं छायाचित्र आलं की मात्र ताईंची आठवण व्हायची. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावर ते अंथरायचं, वर पारदर्शक कागद ठेवून अभयारण्याची हद्द उमटवायची. अशा चित्रात हिरवी झाडी तांबडी दिसते, उघडी जमीन राखाडी. जुन्या चित्राशी नवं ताडलं की रान राखलं गेलं की नाही ते कळतं. ताई त्यात दिवसभर बुडून जात, कारण सुरतेच्या उधना भागातल्या खोलीवर त्यांना बोलायला कोणी नव्हतं. भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडत, एवढीच काय ती सोबत.

शहाण्णवच्या मार्चमधलं चित्र त्यांनी ब्याण्णवच्या नोव्हेंबरमधल्या चित्राशेजारी मांडलं. हद्दीच्या आत तीनशे हेक्टर राखाडी. साग तोडला गेला, असं त्यांनी लिहिलं. खाली नेहमीच्या सह्या पडल्या, आणि त्या भागाचा वनरक्षक चिंधा निलंबित झाला.

सप्टेंबरात तो कचेरीत आला. साहेबांनी त्याला ताईंच्या टेबलाकडे पिटाळलं.

“कोठलं गाव शे तुमनं?” त्यानं विचारलं.

“सावदा.”

“केळीवाल्या,” तो जरा हसला. “ताई, केळी बारा महिने हिरवी. फागुणमा सागले पान नही ऱ्हातस. झाडं तोडेल नहीत. उभी शेतस.”

तो गेल्यावर ताईंनी दोन्ही चित्रांवरचे महिने पुन्हा वाचले: एक पानं असतानाचं, एक पानगळीतलं. शाळेतलं पोरही विचारेल असा प्रश्न आपल्याला पडला नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, “छोडो ने, मंदाबेन. रिपोर्ट वर गेला आता.”

दिवाळीत कचेरी बंद. जळगावच्या भावाचं बोलावणं येणं केव्हाच थांबलं होतं. भाऊबीजेच्या सकाळी ताई चिंधाच्या गावाकडे जाणाऱ्या एसटीत बसल्या, पुढं चार कोस चालल्या. चिंधा घरी नव्हता, बारडोलीकडे ऊस तोडायला गेला होता. ताईंनी नाव सांगितलं नाही, तरी त्याच्या बायकोनं रानाची वाट दाखवली.

साग उभा होता. पत्रावळीएवढी पानं, वर आभाळ दिसेना. अठरा वर्षं हाताखालून गेलेलं रान पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं आणि ताई तिथंच बसून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी पायवाटेनं हद्दीपर्यंत जाऊन पाहिलं. तोडीच्या खुणा दहा-बारा बुंध्यांवर, तेवढ्याच.

परतल्यावर त्यांनी चूक स्वतःच्या नावावर घेऊन सरळ वर पत्र धाडलं. पाहणीला कोणी गेलं नव्हतं, हेही लिहिलं. त्यानंतर कचेरीत त्यांच्याशी कोणी धड बोलेना. चहा त्यांच्या टेबलापर्यंत यायचा बंद झाला, निष्काळजीपणाबद्दल मेमो तेवढा न चुकता आला.

फेब्रुवारीत चिंधाला कामावर घेतल्याचा हुकूम निघाला. तो साहेबांच्या सहीनंच निघाला, आणि पत्राबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. चिंधा इस्त्रीचा गणवेश घालून, झेंडूचा हार घेऊन आला. साहेबांनी हार घालून घेतला, अगदी मान झुकवून घेतला. ताई काचेच्या दारातून बघत होत्या. आता हा आपल्याकडे येईल म्हणून त्यांनी समोरची खुर्ची पुसून ठेवली.

तो आला, पण बसला नाही.

“साहेब देवमाणूस निंघना, ताई,” तो म्हणाला. “सोता रानमा जाईसन झाडं मोजी उना म्हणे. तुमना फोटोवर इस्वास ठेवता तं मी मरी जातू.”

ताईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. चिंधाच्या तोंडावरचा आनंद बघून त्यांना ते सांगवेना.

“हो दादा,” त्या म्हणाल्या, “माझं चुकलं.”

“चालस, ताई,” त्यानं मोठ्या मनानं माफ केलं आणि बस गाठायला तो जिना उतरून गेला.