खंडेनवमीचा थर्मोस्टॅट

आम्ही स्टीमवाले. आखातातल्या रास लफानच्या एका प्लँटमध्ये वाफ करायची, मोजायची आणि हवी तिथे पोचवायची, ह्यावर आमचं पोट चालतं. तिथे किस्से घडत नाहीत. घडले तर चौकशी बसते! किस्से घडतात ते घरी, अल खोरला, कंपनीची बस आम्हाला कंपाउंडच्या गेटवर सोडून गेल्यावर. मग शुक्रवारी सगळे सुधीर सहस्रबुद्धेकडे जेवायला जमलो की जुने सांगायचे, आणि सांगता सांगता तिथेच एखादा नवा घडतो. त्यामुळे साठा काही कमी होत नाही.

त्यातले हे थोडे. सगळे तापमानाचेच आहेत, कारण आमच्यापैकी एकालाही स्वतःच्या घराचं तापमान कधी जमलेलं नाही.

*

पहिला मान जोगळेकरांचा. आमचे सीनियर. पाइपात पाणी अडकलं की वाफ ते पुढे भिरकावते आणि पाइपावर घण घातल्यासारखा आवाज होतो, त्याला वॉटर हॅमर म्हणतात. तो कसा टाळायचा ह्याचं ट्रेनिंग नव्या लोकांना हेच द्यायचे.

पुढे रिटायर होऊन ते मुलीजवळ अमेरिकेत गेले. बर्फाचं गाव, जुनी बिल्डिंग. घर गरम ठेवायला वाफेचा रेडिएटर, म्हणजे भिंतीलगत उभी लोखंडी नळ्यांची फणी आणि तळाशी एक वॉल्व.

गेल्या थंडीत त्यांचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता मागे ठण्ण!

"सर, पाडकाम चाललंय का?"

"छे रे, रेडिएटर. खोली फार तापते, म्हणून वॉल्व अर्धाच उघडा ठेवलाय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ह्या रेडिएटरला पाइप एकच. वाफ त्यातूनच वर जाणार आणि पाणी त्यातूनच खाली येणार. वॉल्व एक तर पूर्ण उघडायचा नाही तर पूर्ण बंद करायचा. अर्धा ठेवला की पाणी अडकलंच.

सुधीर हळूच म्हणाला, "सर, ही तुमचीच स्लाइड होती."

"ती प्लँटसाठी होती!" जोगळेकर म्हणाले. तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला, "अहो, खालच्या मजल्यावरचे आलेत परत तक्रार घेऊन. आज तुम्हीच उघडा दार."

*

सुधीर आमच्यातला वॉल्वचा माणूस. कुठलीही वस्तू नादुरुस्त राहिली तर त्याला जेवण जात नाही.

गेल्या वर्षी त्याचे वडील, नाना, गेले. चिपळूणच्या घरात माई एकट्या पडल्या. गणपती झाल्यावर सुधीर त्यांना इकडे घेऊन आला. "आता इथेच राहा," हे तो रोज म्हणायचा आणि माई रोज "बघू" म्हणायच्या. त्या "बघू"ने त्याचा जीव टांगणीला लागला होता. जेवताना तो आमच्याशी बोलायचा, पण लक्ष सगळं आईच्या ताटाकडे असायचं.

अशात खंडेनवमी आली. पाटावर सुधीरचे पाने, मीटर, लॅपटॉप आणि त्याच्या लेकीची, इराची, कंपासपेटी मांडून पूजा झाली. माई ताम्हन घेऊन उठल्या आणि थेट हॉलमधल्या भिंतीपाशी गेल्या. तिथे थर्मोस्टॅट, म्हणजे एसीला हुकूम सोडणारी डबी, मधोमध आकड्याचा चमकता डोळा.

"आज्जी, इट्स नॉट अ गॉड! इट्स अ थर्मोस्टॅट!" इरा ओरडली.

"अख्खं घर ज्याचं ऐकतं, तो देवच हो," असं म्हणून माईंनी फुलाने पाणी शिंपडलं आणि हळदकुंकू वाहिलं.

थर्मोस्टॅटचा डोळा मिटला.

प्लँटमध्ये वॉल्वचा सिग्नल गेला तर त्याने उघडं राहायचं की बंद व्हायचं हे आधीच ठरलेलं असतं. सुधीरच्या घरातल्या एसीत गार पाणी सोडणारा वॉल्व कुणी बसवला देव जाणे, पण तो होता फेल ओपन. सिग्नल गेला की सताड उघडा! एसीचा पंखा वेगळ्या स्विचवर, तो चालूच. संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये शिमला झालं.

सुधीरने मेंटेनन्सच्या ऑफिसात फोन लावला.

"सर, पार्ट आएगा, इन्शाल्ला."

"कब आएगा?"

"इन्शाल्ला, सर."

*

दुसऱ्या दिवशी माई स्वेटर घालून बसल्या. बाटलीसारखा हिरवा, पुरुषी, बाह्या दुमडलेल्या. नानांचा. एकदा सहलीला शिमल्याला गेले तेव्हा हौसेने घेतला आणि चिपळूणला आणला. चिपळूणला स्वेटर घातलेला माणूस दिसला तर लोक आधी त्याला डॉक्टरकडे नेतात. त्यामुळे तो जन्मभर ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात पडून होता.

"काय मेला हा गारठा!" माई सकाळी म्हणायच्या. दुपारी म्हणायच्या. आम्ही गेलो की माझ्याकडे बघून पुन्हा म्हणायच्या, "अरे मिलिंदा, माणसं राहतात का कधी फ्रीजात?"

प्रत्येक वेळी सुधीरचं तोंड पडायचं. आई गारठ्याने कंटाळून परत जाणार, हे त्याने धरूनच ठेवलं. पंखा बंद केला तर घर उकडायचं, कारण बाहेर ऊन होतंच. मग त्याने हॉलमधल्या एसीच्या जाळीवर पुठ्ठा लावला. सगळी थंडी स्वयंपाकघरात गेली. इडलीचं पीठ दोन दिवस ढिम्म हललं नाही. सुधीरची बायको, वैशाली वहिनी, शांतपणे म्हणाल्या, "सुधीर, तुझा पुठ्ठा तू उपाशीपोटी लाव."

*

मग पुन्हा जोगळेकरांचा फोन. ह्या वर्षी त्यांनी तळाचा वॉल्व पूर्ण उघडून रेडिएटरच्या हवा सोडायच्या तोटीवर थर्मोस्टॅटिक वॉल्व बसवून घेतला होता. त्याचं डोकं आसपासची हवा चाखतं. हवा गरम लागली की वाफ अडवतं, गार लागली की सोडतं.

"उत्तम चाललंय," ते म्हणाले. अंगात कोट होता.

चौकशीअंती कळलं की जोगळेकर वहिनींनी ओली गोधडी वाळत घातली होती, ती रेडिएटरवर, वॉल्वच्या डोक्यासकट. गोधडीखाली वॉल्वला वाटलं, उन्हाळा आला. त्याने वाफ बंद केली. घर गारठलं. गारठलं म्हणून वहिनींनी रेडिएटरवर दुसरी गोधडी टाकली, ऊब धरून राहावी म्हणून!

आम्ही सांगितल्यावर गोधड्या निघाल्या. तासाभराने जोगळेकर पुन्हा फोनवर, आता बनियनवर, खिडकी उघडी, बाहेर बर्फ भुरभुरतंय.

माईंनी स्वेटरची बाही सावरत फोनमध्ये डोकावून बघितलं.

"बर्फात हे उघडे आणि वाळवंटात मी स्वेटरात. शिकलात तरी काय रे तुम्ही?"

आम्ही श्रीखंड वाढून घेतलं.

*

शेवटी पार्ट आला. सुधीरने नवा थर्मोस्टॅट स्वतःच्या हाताने बसवला, आकडा पंचविसावर ठेवला आणि आईला खुर्चीत बसवून विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"छान," माई म्हणाल्या. स्वेटर काढला, घडी घातली, बॅगेत ठेवला. मग त्या गप्पच झाल्या. गारठ्याची तक्रार नाही, आमची खिल्ली नाही. दोन घास खाऊन उठायच्या. आठवड्याने म्हणाल्या, "सुधीर, माझं तिकीट काढ. जात्ये मी."

शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा सुधीर तिकिटासाठी लॅपटॉप उघडून बसला होता. डोळे लाल. "गारठा होता तेव्हा राहिली रे," तो मला म्हणाला, "मी सगळं नीट केलं, तर चालली."

मी त्याच्या शेजारी बसलो.

तेवढ्यात आतून माई ताम्हन घेऊन आल्या आणि थर्मोस्टॅटपुढे उभ्या राहिल्या.

"आई, आज खंडेनवमी नाही!"

"माहित्ये मला."

ह्या वेळी फूल नव्हतं. माईंनी पळी भरली आणि सावकाश, एक थेंब इकडेतिकडे न सांडता, थर्मोस्टॅटवर ओतली. मग हळदकुंकू वाहिलं. नमस्कार केला.

थर्मोस्टॅटचा डोळा मिटला. आम्ही जेवायला बसलो. ताक वाढेपर्यंत हॉल चांगलाच गार पडला होता.

माई उठल्या, बॅग उघडून हिरवा स्वेटर काढला, अंगात घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली. बाह्या मात्र दुमडल्या नाहीत. त्या बोटांच्याही खाली आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात एकमेकांत गुंफले आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"काय मेला हा गारठा!"

वैशाली वहिनींनी फोन उचलला. "सुधीर, मेंटेनन्सला सांगू?"

सुधीरने आईकडे बघितलं. तिच्या अंगातल्या नानांच्या स्वेटरकडे बघितलं. मग लॅपटॉप मिटला.

"नको," तो म्हणाला. "मला एक शाल दे."