गांजा ओढणारी संगी

रेखा गांजा ओढून मेली नाही.

आज पाटोद्याला तिच्या घरी वर्षश्राद्ध होतं. पंगतीत शेजारच्या बाईंनी वरण कालवता कालवता मला विचारलं,

"रेखा कशानं गेली गं? गांजा वढून म्हनं?"

म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहिते. तिच्या मेंदूतली नस फुटली. लॅबला निघाली होती, डब्यात शेंगदाण्याची चटणी होती.

रेखा कॅनडात होती. तिकडे गांजा कायद्याने विकतात. पेनासारख्या वेपमध्ये त्याचं तेल भरतात, बॅटरीवर आतली तार तापते आणि लोक वाफ ओढतात.

ती वाफ छातीत काय काय घेऊन जाते, हे तपासायचं काम रेखाचं.

ओढायचं काम मशीनचं. मशीन माणसासारखे झुरके घ्यायचं, वाफ फिल्टरवर अडकायची. मग रेखा त्यात शिसं शोधायची, निकेल शोधायची, पिकावर मारलेलं औषध शोधायची.

मी एकदा व्हिडिओ कॉलवर तिला म्हणाले, "वाफ धरायला एवढ्या लांब गेलतीस व्हय? वाफ आमच्या कुकरला बी हाय."

ती हसली नाही. कामाबद्दल बोलताना बाई एकदम सीरियस.

"तेल चांगलं हाय म्हनून वाफ चांगली असती असं न्हाई, संगे. तार जास्त तापली की त्याच तेलातून भलतंच जहर निघतंय. तुला काय सांगायचं? हुरडा आठव की."

हुरडा म्हणजे आमच्या शेतातला. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसून रेखा गप्पा मारत बसायची. मी पार बांधावरून ओरडायचे, "करपलं." ती म्हणायची, काहीतरीच. कणीस बाहेर काढलं की खालून काळं निघायचं.

माझं नाक पहिल्यापासून तिखट.

आणि दुखणं तेच आहे. नाक माझं आणि नोकरी तिची.

अंबाजोगाईला बीएस्सीला मार्कसुद्धा माझेच जास्त. पण मला बघायला पाहुणे आले आणि तिला पुढच्या ॲडमिशनचा ईमेल आला. आता मी दिंद्रुडला शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी तोच लिटमस लाल करते, तोच निळा करते.

मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या पांढऱ्या कोटाचा, तिच्या मशीनचा, खिडकीबाहेरच्या बर्फाचासुद्धा. सकाळी बघितलेल्या फोटोला लाईक द्यायचे, पण मुद्दाम संध्याकाळी.

ती गेली म्हणून हेवा गेला, असं काही झालेलं नाही.

त्यातही क्लेअर. तिच्या लॅबमधली मैत्रीण. प्रत्येक फोटोत रेखाच्या खांद्यावर हात. तो हात बघून माझं डोकं फिरायचं. हुरड्याची राख झटकत त्या खांद्याला टेकून मी बसले होते बाई, तू नंतरची.

रेखा गेल्यावर लॅबवाल्यांनी ऑनलाइन शोकसभा ठेवली. मलाही लिंक आली. कॅमेरा बंद ठेवून बसले. क्लेअर बोलायला उठली तेव्हा मनात म्हटलं, झालं, आता ही सांगणार हीच सगळ्यात जवळची.

क्लेअर म्हणाली, "आमच्या झुरके घेणाऱ्या मशीनचं नाव रेखाने ठेवलंय. संगी."

मी आवाज वाढवला.

"रेखा सांगायची, गावाकडच्या माझ्या मैत्रिणीला जळाल्याचा वास सगळ्यांच्या आधी येतो. म्हणून वाफेत जळकं काही सापडलं की आमची अख्खी लॅब एकच वाक्य म्हणते. संगी सेज, करप्ला."

करप्ला. माझा शब्द, त्या गोऱ्या तोंडात, असा वाकडातिकडा.

चहा समोर गार झाला. मी भरपूर रडले आणि रडता रडता मला नवीनच हेवा वाटायला लागला. आता त्या मशीनचा. मला रविवारचा कॉल मिळायचा, तोही रेंज असली तर. ते लोखंड रोज तिच्या शेजारी. ती त्याला पुसत असेल, संगे संगे म्हणून त्याच्यावर चिडत असेल. नाव माझं आणि सोबत त्याला.

वर्षभर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एवढं एक तरी फक्त माझं राहू दे, असं वाटायचं.

पण आज पंगतीत त्या बाई तसं बोलल्या आणि मी ताडकन म्हणाले, "तिनं जन्मात कधी वढला न्हाई."

समोर रेखाची आई भाताचं पातेलं घेऊन वाढत होती. लेक औषधाच्या कंपनीत आहे, असंच ती सगळ्यांना सांगत आली. ती थांबली.

"मंग कोन वढायचं गं तिथं?"

"मी, काकू."

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मग मी मशीनचं सांगितलं, नावाचं सांगितलं, करप्लाचंही सांगितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडतायत, पण हसत होत्या. मग माझ्या ताटात भात वाढत म्हणाल्या,

"म्हंजी तू बी गेलतीस की तिच्यासंगं."

मी तो भात शेवटच्या शितापर्यंत संपवला.

रेखे, भरल्या मनाने तुला निरोप. तिथल्या संगीचा हेवा मला मरेपर्यंत वाटणार आहे, तेवढं चालवून घे.

तुझी संगी.
इकडची.