उसाच्या कडेची पात

संपत्ती वर साचते आणि धोका खाली, हे मी कॉलेजात पोरांना बरीच वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन पिंपरी पेंढारजवळच्या आमच्या मळ्यात राहायला आलो, तेव्हा ‘खाली’ म्हणजे नेमकं किती ते कळलं. बिबट्या, आमच्याकडे त्याला सरळ वाघच म्हणतात, उभ्या माणसाला सहसा टाळतो. वाकलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. आणि खुरपायला वाकतात त्या बायका.

गावात यावर सभा झाली. शाल, नारळ, सत्कार. पाहुणे म्हणाले, “वाघापुढे गरीब-श्रीमंत सगळे सारखे!” टाळ्या पडल्या. मग पाहुणे गाडीच्या काचा वर करून गेले. बायकांना गळ्यात घालायला खिळ्यांचे पट्टे वाटले गेले, पण फक्त जमीन असलेल्या घरांना, नि घराला एकच.

दुसऱ्या दिवशी कांद्याची खुरपणी होती. वहिनी आणि रोजानं येणारी तिची जुनी सोबतीण, दोघीच. उसाच्या कडेची पात, म्हणजे वाघ दबा धरतो त्या उसालगतची ओळ, सोबतिणीनं धरली. मालकिणीनं आतली ओळ घ्यायची नि मजुरणीनं कडेची, हा नियम कुणी केलेला नाही. पाळतात मात्र सगळे.

वहिनीनं पट्टा तिच्यापुढे धरला. “घाल.”

“असला पट्टा धनगराच्या कुत्र्याला असतो, वैनी. मेंढरं लागतील माझ्या मागं.”

“लागू दे. उसाकडंला तू हायेस.”

“मंग तुमी?”

वहिनीनं बांधावर पुस्तक घेऊन बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. “भावजी हायेत की. जलमभर उभं राहूनच बोलल्यात. काठी घ्या भावजी, नि उसाकडं तोंड करून उभं ऱ्हावा. आन मोठ्यानं बोलत ऱ्हावा. वाघाला माणसाचा आवाज सोसत नाय.”

“काय बोलू?”

“कॉलेजात बोलायचा तेच. पोरं पळायची म्हणं!”

दोघी लई हसल्या आणि वाकल्या. एकीच्या गळ्यात खिळे, दुसरीची मान उघडी. मी उसाला जोखमीच्या वाटणीवर व्याख्यान देऊ लागलो. पानं सळसळली की माझा आवाज चढायचा. मागून खुरप्यांची खरखर येत होती. ती मध्येच थांबली, तसा मी गर्रकन वळलो.

वहिनी मातीत बसून पदरानं मान पुसत होती.

“तिकडं बघा, भावजी,” ती म्हणाली. “आमी हाय हितं.”