गुरुवारची परात

“मी काही सांगत नाही हं बाय, पण आज अंधार जरा लवकरच झाला.”

शनिवारी दिवस मावळला की शेजारचे काका माझ्या दारात येऊन उभे राहायचे आणि माझ्याकडे अजिबात न बघता, समोरच्या कारखान्याच्या पत्र्याकडे बघत हे वाक्य म्हणायचे. मी साडीला फॉल लावत बसलेली असायचे. सुई टोचून ठेवायची, उठायचं, त्यांच्या खोलीत जाऊन ट्यूबलाइट लावायची आणि परत येऊन बसायचं. आभार नाहीत, काही नाही. कारण त्यांनी मला काही सांगितलेलंच नसायचं.

आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार? मीही नवीन लग्न होऊन भिवंडीला कामतघरच्या चाळीत आले तेव्हा हेच म्हटलं असतं. पण तेव्हा काका शनिवारीसुद्धा ड्युटीवर जायचे. हे सगळं सुरू झालं ते निवृत्त झाल्यावर.

काका ज्यू होते, आपल्या कोकणातले बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज म्हणे गलबत फुटून अलिबागेकडच्या किनाऱ्याला लागले, तिथेच राहिले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावातले लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. काका मात्र भिवंडीत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, फिटर. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, म्हणजे शनिवारी बिघडलेल्या लूमची रांगच लागलेली. “चाचा, शुक्कर को आराम किया ना, अब शनिच्चर को भी?” असं शेठनं एकदाच विचारलं आणि काकांनी पुन्हा कधी सुट्टीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी घरी आले की काळे झालेले हात पुढे धरून म्हणायचे, “शनिवार तेल्याचा मुलगा, आणि शनिवारीच तेलात हात.” हसायचे, पण ते हसणं खरं नव्हतं.

निवृत्त झाले त्या आठवड्यापासून त्यांनी शनिवार धरला. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत विस्तवाला हात नाही, बटणाला हात नाही, फोन नाही. दुसऱ्याला ‘तेवढं कर’ असंही सांगायचं नाही. मग उकडायला लागलं की काका दारात. “मी काही सांगत नाही, पण वारा पार पडलाय.” मी पंखा लावायचे. कधी माझ्यातला खट्याळपणा जागा व्हायचा. मी म्हणायचे, “हो काका, पडलाय खरा,” आणि टाके घालत बसून राहायचे. ते हलायचे नाहीत. थोड्या वेळानं म्हणायचे, “डासही फार झालेत.” आतून काकूंचं हसू ऐकू यायचं.

आणि त्या तीन चांदण्या! भिवंडीच्या आकाशात, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या चिमण्यांच्या धुरात, चांदणी शोधायची म्हणजे काय खायचं काम आहे? काका गच्चीवर मान वर करून उभे. एकदा तिसरी सापडली म्हणून आनंदानं खाली आले, तर मी दाखवलं की ती पुढे सरकतेय. विमान होतं. बिचारे पुन्हा वर गेले.

त्यांची एकुलती एक लेक इस्राएलला दिलेली. तिनं बापाला मोठा फोन पाठवला आणि फोनवर एक सरही जोडून दिले. तिकडेच वाढलेला, मूळ आपल्याकडचा तरुण मुलगा, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. काका त्याच्या आजोबांच्या वयाचे, पण त्याला सर म्हणायचे आणि क्लासला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. तोवर सगळ्या प्रार्थना त्यांना मराठी अक्षरांत लिहिलेल्या वाचायची सवय होती. आता म्हातारपणी हिब्रू अक्षरं गिरवायला लागले, उजवीकडून डावीकडे. आमच्या दोन खोल्यांमध्ये पातळ भिंत, त्यामुळे आलेफ, बेत, गिमेल मलाही पाठ झालं.

शिकायला लागलेला माणूस थोडा अवघड होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. काकांना एक नवीन प्रश्न सापडला. “हे लिहिलेलं आहे का?” काकू शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत करायच्या, दिव्यात तेल घालायच्या, मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध घालायच्या. आयुष्यभर केलेलं. आता प्रत्येक गोष्टीला काकांचं, लिहिलेलं आहे का? काकू म्हणायच्या, “तुमच्या सरांना विचारा, जेवण लिहिलेलं आहे का. नसेल तर चूल बंद करते.”

पण मलिद्याची गोष्ट हसण्यावारी गेली नाही.

मलिदा म्हणजे त्यांच्यातला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाचा प्रसाद. पातळ पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर काजू-मनुका. पितळेच्या मोठ्या परातीत मधोमध त्याचा ढीग, भोवती फळं, आणि सुवासाला सब्ज्याची पानं. घरच्या पुरुषानं आशीर्वाद म्हणायचे आणि मग सगळ्यांना वाटायचं. लग्न ठरलं, माणूस आजारातून उठला, नवस फिटला की मलिदा. काकूंच्या हाताखाली मी कित्येकदा त्यासाठी खोबरं खवलंय.

त्यांच्या लेकीला लग्नानंतर खूप वर्षं मूल नव्हतं. शेवटी दिवस राहिले तेव्हा काकूंनी नवस बोलला, लेक सुखरूप सुटली की मलिदा करीन. नात झाली. काकूंनी पोहे आणले, परात चिंचेनं घासून लखलखीत केली. आणि त्याच दिवशी काकांनी क्लासमध्ये सरांना विचारलं, मलिदा लिहिलेला आहे का. सर म्हणाले, “मला पुस्तकात सापडला नाही.”

झालं. काका बाहेर येऊन म्हणाले, “मलिदा नको. जे लिहिलेलं आहे ते म्हणू, देवाचे आभार मानू. बाकी आपल्या बायकांनी इथं शेजारपाजारचं बघून उचललेलं असणार.”

काकू म्हणाल्या, “माझ्या सासूनं उचललं का? तुमच्या आईनं?”

काका पुस्तक घेऊन बसले. आशीर्वाद म्हणणारा पुरुषच नाही म्हणाला म्हटल्यावर काकू एकट्या काय करणार? पोहे माझ्याकडे आले, चिवड्याला. काकूंनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. फक्त एक सुरू झालं. दर गुरुवारी त्या फळीवरून परात काढायच्या, चिंच लावून घासायच्या आणि काकांच्या खुर्चीसमोर भिंतीला टेकवून ठेवायच्या. शुक्रवारचा दिवा त्या परातीत चमकायचा. काका तिच्याच उजेडात पुस्तक वाचत बसायचे.

मी म्हटलं, “काकू, मी बोलू का त्यांच्याशी?”

“नको,” त्या म्हणाल्या. “दर शनिवारी तुला न सांगता समजतं ना? मग त्यांनाही एकदा समजू दे की.”

त्यांना समजलं नाही. असा राग यायचा मला! माणूस शेकडो वर्षांपूर्वीचं पुस्तक अक्षर लावून वाचतो, आणि समोरची परात दिसत नाही? पण मी काकूंना न बोलायचा शब्द दिला होता.

पुढच्या हिवाळ्यात काकू साध्या तापानं आजारी पडल्या आणि गेल्या. ठाण्याला त्यांच्या दफनभूमीत नेलं. सात दिवस काका त्यांच्या रीतीप्रमाणे जमिनीवर बसून होते. चाळीतून कोणी ना कोणी डबा नेऊन ठेवत होतं. आपल्याकडे कोणी गेलं की आपण बोलून बोलून माणसाला हैराण करतो. त्यांच्यात आधी दुःखातल्या माणसानं बोलायचं, मग आपण. काका काही बोललेच नाहीत, म्हणून आम्हीही गप्प बसून उठायचो.

त्यानंतरचा एक शनिवार. काका दारात आले. मी ट्यूबलाइटसाठी उठायलाच लागले, तर म्हणाले, “परात काळी पडली.”

मला वाटलं, घासून हवीय. मी गेले, परात आणून आमच्या मोरीत घासायला घेतली. काका उंबऱ्यापाशी उभे राहून बघत होते. मग माझ्याकडे बघून, अगदी सरळ, त्यांनी विचारलं, “बाय, ती दर गुरुवारी ही का घासायची? पाहुणे तर यायचे नाहीत आपल्याकडे.”

शनिवारी त्यांनी मला काही सरळ विचारलेलं ते पहिलंच. आता कसला शब्द पाळायचा? मी सांगून टाकलं. नातीचा नवस, आणि दर गुरुवारची ती वाट.

ते मोरीच्या कठड्यावर बसले. “मला का नाही बोलली?”

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही तरी मला कधी सांगता?”

ते रडले. मी परात धूत राहिले, कारण दुसरं काय करायचं मला सुचेना. मलाही रडू येत होतं.

रविवारी क्लास होता. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता. सरांना सगळं सांगितलं. भिंतीपलीकडून मला सरांचा आवाज ऐकू आला. बिचारा पोरगा गडबडून गेला होता. “काका, ‘पुस्तकात सापडला नाही’ एवढंच मी म्हणालो. करू नका असं कुठे म्हणालो? माझी आजी करायची मलिदा. मी दोनदा मागून खायचो.” काका म्हणाले, “सर, चूक माझी. मी तुम्हाला लिहिलेलं आहे का एवढंच विचारलं. करावं का, हे विचारलंच नाही.”

मलिदा ते स्वतः करणार होते. मला हात लावू देईनात. म्हणाले, नवस आमच्या घरचा आहे, फेडायचा मीच. बरं बाबा. मी दारात बसले. काकांनी पातळ पोहे पातेल्यात घातले आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. मी तोंडावर पदर धरला. लूमचा काटा डोळे मिटून बसवणारा माणूस, आणि पोह्यांची लापशी झाली.

दुसऱ्या पुड्याच्या वेळी मी म्हटलं, “मी काही सांगत नाही हं काका, पण काकू पाण्याचा नुसता हबका मारायच्या.”

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

परात भरली. फळं मांडली, सब्जा ठेवला. समोर फोन उभा करून ठेवला होता, त्यात लेक आणि तिच्या मांडीवर नात. चाळीतले आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. काकांनी पुस्तक उघडलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आशीर्वाद वाचले, हिब्रूतून. मराठी अक्षरांचा कागद जवळ नव्हता. अडखळले, पुन्हा मागे जाऊन वाचलं, पण पूर्ण वाचलं. मग पुस्तक मिटून मराठीत म्हणाले, “आमच्या हिचा नवस फिटला. उशीर माझ्यामुळे झाला.” पहिली मूठ त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

पुढे लेक त्यांना न्यायला आली. एकट्या बापाला किती दिवस ठेवणार? सामान बांधून झाल्यावर काका परात घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, “मी काही सांगत नाही बाय. पण विमानात वजन फार बघतात.” मी परात घेतली आणि आत ठेवली.

ते तिकडून रविवारी फोन करायचे. तक्रार एकच. “इथं शनिवारी दिवे आपोआप लागतात. लेकीनं घड्याळ बसवलंय. कोणाला काही न सांगायची सोयच उरली नाही.” एकदा म्हणाले, काल विसरून गॅलरीत गेलो आणि म्हणालो, आज अंधार लवकर झाला. मी विचारलं, मग? तर म्हणाले, मग काय, वळून बघितलं तर दिवा लागलेलाच होता.

त्यांच्या खोलीत आता दुसरे भाडेकरू आहेत. चौकटीवर तिरपी ठोकलेली मेझुझा, ती प्रार्थनेची छोटी डबी, लेकीनं काढून नेली. तिथं फक्त दोन खिळ्यांची भोकं उरली आहेत. काका येता-जाता त्या डबीला हात लावून बोटं ओठांना टेकवायचे.

त्यांचा शेवटचा फोन आला तेव्हा तब्येत बरी नव्हती, आवाज खोल गेला होता. नातीचं सांगितलं, ती चालायला लागली. मग म्हणाले, “परात काय करतेय?”

“आहे की. दर गुरुवारी घासते. भिंतीला टेकवून ठेवते.”

“तू कशाला घासतेस? तुझ्याकडे कुठं मलिदा?”

“मी काही सांगत नाही, काका.”

या माणसाला इकडे यायला जमणार नाही, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

“समजलं,” काका म्हणाले. “या वेळी समजलं मला, बाय.”