विहिरीचं पाणी चांगलं आहे

भाजी टाकून देणाऱ्या बाईला माझी आई काय म्हणाली असती, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमचं घर कोकणातलं. आई पालकाचे देठसुद्धा डाळीत ढकलायची. आणि मी, तिची शिकलेली लेक, नऊ वर्षं दर शनिवारी ताज्या पालकाची नाहीतर लाल माठाची एक जुडी अंधेरीला मेट्रोच्या जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकत आले. इकडेतिकडे बघून, चोरासारखी. घाटकोपरला घरी पोहोचेपर्यंत पिशवीत मातीसुद्धा उरलेली नसायची.

का टाकायचे, ते सांगते. सांगायलाच बसले आहे तर आता आढेवेढे कशाला घ्यायचे?

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लेटिंगच्या एका गाळ्यात केमिस्ट आहे. केमिस्ट म्हटलं की लोकांना पांढरा कोट दिसतो. माझ्या अंगावर जुना ड्रेस आणि पायात गमबूट असतात. आमच्याकडे नळ, कड्या, बिजागऱ्या असला माल येतो, क्रोमियमच्या टाकीत बुडतो आणि चकचकीत होऊन बाहेर निघतो. मग तो साध्या पाण्यात धुवायचा. धुतलेलं पाणी पिवळं होतं, आणि त्या पिवळ्यात विष असतं. ते पाणी असंच सोडायचं नसतं. त्यात आधी ॲसिड, मग एक पावडर घातली की पिवळ्याचं हिरवं होतं. मग चुना घालायचा, सगळं तळाशी बसतं, वरचं पाणी सोडायचं आणि गाळ बंद पिंपात भरून वेगळा पाठवायचा. पाऊण तासाचं काम. आणि ते काम माझं.

मी ते काम प्रदूषण मंडळाचे साहेब येणार असले तरच करायचे. इस्टेटच्या गेटवरून वॉचमनचा फोन यायचा, "मॅडम, पोल्युशनवाले आये है." की आमची पळापळ. टाकीत पावडर ओत, चुना ओत, वरून साध्या पाण्याचा पाइप सोड. साहेब बाटलीत पाणी भरून घ्यायचे, चहा प्यायचे आणि जायचे. बाकीचे दिवस पिवळं पाणी गटारात, गटारातून मागच्या नाल्यात. शेठ म्हणायचे, "मॅडम, पहले माल निकालो." मी मान हलवायचे. सगळे गाळेवाले तेच करतात, एकट्या माझ्याने काय होणार, असं स्वतःला ऐकवायचे. एवढी शिकलेली बाई, पण डोकं नेमकं तिथे बंद पडायचं!

नाल्याच्या पलीकडे गावठाण आहे. विमानतळाच्याही आधीपासूनचं, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं. अंगणात क्रूस, मागे विहीर आणि विहिरीला लागून चार वाफे, अशा एका घरातली बाई आमच्या गेटवर टोपली घेऊन बसायची. सगळे तिला आंटी म्हणायचे, मीही म्हणू लागले. नवरा गेलेला, घरात ती आणि दहावीतली एक मुलगी. एकदा मी मेथी निवडून घेत होते तेव्हा म्हणाली, "बाय, तू शिकलेली दिसतेस. माझ्या पोरीला सायन्स शिकव ना गो. क्लासवाले नुसतं पाठ करून घेतात."

शनिवारी आमचा अर्धा दिवस. मी जायला लागले. पैसे घेणार नाही म्हटलं, तर आंटीने दर शनिवारी निघताना हातात जुडी कोंबायला सुरुवात केली. पहिल्या दोन घरी नेल्या. तिसऱ्या शनिवारी मागच्या बाजूला डोकावले आणि बघितलं, वाफ्यांना पाणी कुठलं जातं ते. विहिरीचं. आणि विहीर नाल्यापासून किती, तर मोठ्याने बोललं तर ऐकू जाईल एवढी. तिसरी जुडी मी डब्यात टाकली.

ती पोरगी मात्र झकास होती, भाकरी-भाजीचं ताट मांडीवर घेऊन शिकायची. तिला मी अणू शिकवला तो पत्र्याच्या झाकणावर, वाटाणे आणि मोहरी घेऊन. मधे वाटाण्यांचा पुंजका, त्याच्याभोवती मोहरीचे दाणे. मोहरी म्हणजे इलेक्ट्रॉन. दोनतीन दाणे इकडचे तिकडे गेले की तोच अणू वेगळं वागतो, हे तिला एका दमात कळलं. मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं होतं.

"टीचर, अणू मरतो का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जाळ, पूर, गिळ, काहीही कर. अणू तोच राहतो. कोणाबरोबर बसतो, तेवढं बदलतं."

"मग नाल्यातलं पिवळं कुठे जातं?"

"समुद्रात."

"आणि मग समुद्रातून?"

"तू आधी समोरचं समीकरण सोडव," मी खेकसले. बिचारीने वही पुढे ओढली. मला तेव्हा स्वतःच्या आवाजाची लाज वाटली होती, पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यात केवढं अंतर असतं ते मला आता माहीत आहे.

मग तिचा शाळेचा प्रोजेक्ट आला, 'आपल्या परिसरातील पाणी'. तिने बिसलरीच्या रिकाम्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून दिलं. "टीचर, तुमच्या लॅबमध्ये चेक करून द्या ना." आमची लॅब म्हणजे मोरीशेजारचा ओटा. सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर मी परीक्षानळीत ते पाणी घेतलं, ॲसिडचे दोन थेंब टाकले, मग त्या खास द्रावणाचे. पाणी स्वच्छ असलं तर तसंच राहतं. विषारी क्रोमियम असलं तर जांभळं होतं.

जांभळं झालं.

फिकट होतं, अगदी फिकट. मी नळी खिडकीसमोर धरून पुन्हा बघितली. मनात म्हटलं, नळीच धुतलेली नसेल नीट. दुसरी घेतली, तिसरी घेतली. तिन्ही जांभळ्या. हे अणू कुठून आले ते मला जगात कोणाला विचारायला नको होतं. माझ्या टाकीतून निघाले होते. माझ्या पाऊण तासाच्या आळसातून.

शनिवारी पोरीने वही पुढे केली. "टीचर, लिहून द्या. शाळेत दाखवायचंय." आंटी दारात उभी, हात पदराला पुसत. आणि मी लिहिलं, 'विहिरीचं पाणी चांगलं आहे.' खाली सही केली, सहीखाली बी.एस्सी. सुद्धा लिहिलं. मेलीचा निर्लज्जपणा बघा!

नोकरी जाईल म्हणून लिहिलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की ती पोरगी मला टीचर म्हणायची, आणि पाणी वाईट आहे म्हटलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न काय असता ते मला ठाऊक होतं. वर मानभावीपणे सांगितलं, "प्यायला मात्र नळाचंच घ्या हां." ते लोक प्यायला नळाचंच घेत होते. विहिरीवर भाजी होती, धुणं होतं आणि नळ गेला की आंघोळ.

पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली, कॉलेजात गेली, बँकेत लागली. माझी शिकवणी संपली, पण जुडी संपली नाही. आंटी शनिवारी गेटवर वाट बघत थांबायची. "घे गो बाय, तुझ्यामुळे माझी पोरगी शिकली." मी घ्यायचे. थँक यू म्हणायचे. घरी काय केलं ते पुढच्या शनिवारी तिने विचारलं तर सांगायचे, पालकाची पातळ भाजी केली, मिस्टरांना फार आवडली. कोणी विचारलेलं नसताना लसणाची फोडणीसुद्धा द्यायचे त्या भाजीला.

यंदा त्या पोरीचं लग्न ठरलं. आंटी पत्रिका द्यायला गाळ्यात आली आणि बजावून गेली, "चर्चला आलीस नाय तरी चालेल, पण आदल्या दिवशी पाण्याला यायचंच." त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बायका नटूनथटून वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी काढतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. जायचं नाही असं दहा वेळा ठरवलं आणि गेले. निदान तिथे जाऊन हळूच आंटीच्या कानात सांगू, बादलीत नळाचं पाणी मिसळा, असं काहीतरी डोक्यात होतं. साहेबांच्या दिवशी साधं पाणी सोडायची सवय, दुसरं काय!

विहिरीवर गर्दी होती. लाल लुगडी, नाकात नथी, बँडवाला जिवाच्या आकांताने वाजवतोय. आंटी सजून उभी. तेवढ्यात नवऱ्या मुलाकडची वसईची एक बाई विहिरीत डोकावली आणि नाक मुरडून म्हणाली, "बाजूला नाला आहे ना गो? हे पाणी घालायचं पोरीच्या डोक्यावर? त्यापेक्षा बाटल्यांचं आणूया, वर दोन थेंब या विहिरीचे टाकूया."

बँड थांबला. चारपाच जणी म्हणाल्या, खरंच, कशाला रिस्क. मी मनातल्या मनात त्या वसईच्या बाईचे पाय धरले.

पण आंटीचा चेहरा उतरला होता. ती विहीर तिच्या सासऱ्याच्या आजोबांनी खणलेली. तिने गर्दीत मला शोधलं आणि हाताला धरून पुढे ओढलं. "ही आमची टीचर. हिने कंपनीत चेक केलंय पाणी. लिहून दिलंय, सही आहे तिची, कागद अजून घरात आहे माझ्या. सांग गो बाय यांना."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नवरीही बघत होती, हसत. तिला काडीचीही शंका नव्हती. टीचरने एकदा सांगितलं ना!

एक शब्द पुरला असता. 'नको' एवढाच. कारणं नंतर देता आली असती.

मी म्हटलं, "हो, चांगलं आहे पाणी."

बँड पुन्हा सुरू झाला. बायकांनी पाणी काढलं, अंगणात पाटावर नवरीला बसवलं आणि गाणी म्हणत तिच्या डोक्यावर तांब्ये रिकामे केले. ती तोंड उघडं टाकून हसत होती, ओठांवरून पाणी ओघळत होतं. मी टाळ्या वाजवत होते. हे हात, जे आत्ता लिहितायत, ते टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी चर्चला गेले नाही. सोमवारी गाळ्यात गेले आणि कोणाला न विचारता पिवळ्या पाण्यात ॲसिड घातलं, पावडर घातली, चुना घातला. मंगळवारी पुन्हा. बुधवारी शेठ दारात येऊन उभे राहिले. आता भांडण होणार म्हणून मी ओढणी खोचली, तर ते म्हणाले, "रोज करणार? करा ना. मी कधी नको म्हटलं?" आणि फोनवर बोलत निघून गेले. मी तिथेच स्टुलावर बसले. नऊ वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. माल पहिले काढा म्हणाले, ते मी सोयीने ऐकलं. आता रोज पिवळ्याचं हिरवं करते. पण जे आधी गेलं ते गेलं. अणू मरत नाही, मीच शिकवलंय.

महिनाभराने एका शनिवारी आंटीकडे गेले. ती मागच्या पायरीवर बसून जुड्या बांधत होती. मला बघताच नेहमीसारखी एक बाजूला काढून ठेवली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. परीक्षानळी, जांभळा रंग, तिन्ही वेळा जांभळा, वहीतली सही, टाकी माझी, काम माझं, विहिरीवर पुन्हा बोललेलं खोटं. हे पाणी भाजीला घालू नका, अंगावर घेऊ नका, सगळं. रडले नाही. रडायचा हक्क तिचा होता.

आंटी ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. हातातली सुतळी आवळून जुडीची गाठ मारली. मग तिने एकच विचारलं.

"बाय, मी दिलेली भाजी तू खाल्लीस?"

पुन्हा एकदा खोटं बोलणं सोपं होतं. लसणाच्या फोडणीसकट तयार होतं.

"नाही," मी म्हटलं.

"एकदाबी नाय?"

"पहिल्या दोन वेळा खाल्ली. मग विहीर बघितली. त्यानंतर एकदाही नाही. टाकायचे."

तिने बाजूला काढलेली जुडी उचलली, पुन्हा आपल्या टोपलीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "माझी पोरगी खायची गो. तुझ्यासमोर खायची."