सोनेरी अक्षरांत लिहिलेलं नाव

मंडळी, आज दुपारी सांगलीतल्या माझ्या टायपिंग-डिझाइनच्या दुकानात जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

इस्लामपूरकडचा एक तरुण आला होता. त्याला इंटरनेटवर टाकायला लग्नपत्रिकेसारखं पान हवं होतं. मी वधूवरांची नावं, गावं टाइप केली, अक्षरांत सोनेरी रंग भरला, मागे सावली दिली.

"लय भारी, ताई!" तो खूश झाला.

मग त्याने कॉलेजचा ग्रुप फोटो पुढे केला. एका मुलीभोवती पेनाने गोल केला होता. "हिला कापून माझ्याशेजारी बसवा."

"लग्न कधी आहे?" मी सहज विचारलं.

"आजून तिला म्हाईतच न्हाई. इंटरनेटवर आलं की कळंल समद्यांना. मग कुठं जाती?"

मी ती फाइल त्याच्यासमोरच उडवली. तो चिडलासुद्धा नाही. फोटो खिशात ठेवत म्हणाला, "दुसरं कोणतरी करंल की."

मुलीचं नाव-गाव मला माहीत आहे. पण तिच्या घरी कळवलं, तर आधी तिचंच कॉलेज बंद होईल. आपल्या या ग्रुपवरच्या मुलींनो, तिच्या जागी तुम्ही असतात, तर मी तुमच्या घरी फोन करावा असं वाटलं असतं का?